एआर-१५ मधले छोटे भाग लवकर का जातात? तुटलेल्या भागाआधी बोल्टची वेळ तपासा

प्रश्न थोडक्यात असा: टेक्सासमध्ये रेंजवर कागदी लक्ष्यांसाठी वापरली जाणारी एआर-१५, सोळा इंची नळी, कार्बाइन लांबीची (म्हणजे आखूड) गॅस ट्यूब, कारखान्यातून आलेला साधा बफर (बोल्टचा धक्का झेलणारं, दांड्यातल्या स्प्रिंगपुढचं वजन). साधारण २,२०० गोळ्यांत एक्स्ट्रॅक्टरचं (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याचं) नख दोनदा तुटलं, गॅस रिंग सैल पडल्या, बोल्ट कॅचच्या (बोल्ट मागे अडकवून ठेवणाऱ्या खटक्याच्या) कडेचा टवका उडाला आणि आता घोड्याची (हॅमरची) पिन एका बाजूनं बाहेर डोकावते आहे. भाग बदलले की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. सगळे भाग निकृष्ट लागले का?

एखादा भाग निकृष्ट निघू शकतो. पण दोन एक्स्ट्रॅक्टर, रिंग आणि बोल्ट कॅच एकाच रायफलीत इतक्या लवकर गेले, तर पहिला संशय बोल्टच्या, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाच्या, हालचालीवर घ्यावा. तो वेळेआधी उघडत असणार आणि गरजेपेक्षा जास्त वेगानं मागे जात असणार. हे दुरुस्त झाल्याशिवाय तिसरा एक्स्ट्रॅक्टरही टिकणार नाही. घोड्याच्या पिनेचं कारण मात्र वेगळं आहे, ते शेवटी घेतो.

काहीही तपासण्याआधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे अडकवा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालूनही खात्री करा. टेबलावर, त्या खोलीत कुठेच, काडतुसं नकोत. खाली हातानं बोल्ट फिरवून बघायच्या ज्या चाचण्या सांगितल्या आहेत, त्या सगळ्या रिकाम्या रायफलीवर करायच्या आहेत.

आता यंत्रणा नेमकी समजून घेऊ, कारण सगळं निदान तिच्यावरच उभं आहे. गोळी नळीतून पुढे जाताना गॅसच्या छिद्रावरून जाते. तिच्यामागचा गॅस ट्यूबमधून मागे येतो, कॅरियरवरच्या (बोल्टला वाहून नेणाऱ्या भागावरच्या) गॅस की नावाच्या नळकांड्यातून आत शिरतो आणि बोल्टची शेपटी व कॅरियर यांच्यामधल्या पोकळीत फुगतो. त्या पोकळीत गॅस धरून ठेवण्याचं काम तीन रिंग करतात. कॅरियर मागे सरकतो, कॅम पिन आपल्या तिरक्या खाचेतून फिरते, तिच्यासोबत बोल्ट फिरतो आणि त्याचे लग, म्हणजे तोंडाभोवतीचे दात, नळीच्या मागच्या खाचांतून सुटतात. मग एक्स्ट्रॅक्टर पुंगळीची कड धरून तिला बाहेर ओढतो.

पुंगळी ही पितळेची डबी आहे. दाब असताना ती फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि दाब उतरला की किंचित आखडून मोकळी होते. बोल्ट योग्य वेळी उघडला तर एक्स्ट्रॅक्टरला सैल झालेली पुंगळी ओढायची असते. गॅस जास्त असेल तर बोल्ट काही क्षण आधी फिरतो. तेव्हा पुंगळी अजून भिंतीला धरून बसलेली असते आणि एक्स्ट्रॅक्टर तिला उपटू पाहतो. मग एकतर पुंगळीची कड फाटते, नाहीतर नख तुटतं. त्याच वेळी लग भाराखाली घासत फिरतात आणि कॅम पिनेवर जोर येतो. जोरात मागे गेलेला कॅरियर स्प्रिंगच्या जोरावर तितक्याच आवेशानं पुढे येतो. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट कॅच वर आलेला असेल, तर तो सगळा आवेश कॅचच्या एवढ्याशा कडेवर पडतो. तुमच्या यादीतल्या एक्स्ट्रॅक्टर आणि बोल्ट कॅच या दोन गोष्टींचं मूळ या एका परिच्छेदात आहे.

हा प्रश्न या रायफलीइतकाच जुना आहे. यूजीन स्टोनर यांची मूळ रचना आयएमआर जातीच्या, बारीक कांड्यांच्या दारूवर बसवलेली होती. अमेरिकी सैन्यानं १९६० च्या दशकात एम१६ साठी, म्हणजे याच रायफलीच्या सैनिकी रूपासाठी, बॉल पावडर (गोल दाण्यांची दारू) वापरायला घेतली. त्यानं गोळीबाराचा वेग वाढला, काजळीही वाढली, आणि व्हिएतनाममध्ये पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. अमेरिकी काँग्रेसच्या इकॉर्ड उपसमितीनं १९६७ मध्ये या बदलावर कडक टीका केली. त्यानंतर आलेल्या दोन मोठ्या सुधारणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत: बोल्टचा वेग आवरणारा जड बफर आणि क्रोम चढवलेलं चेंबर. आजही घरगुती दुरुस्तीत आपण याच दोन ठिकाणी हात घालतो.

तुमच्या रायफलीची लांबी-जोडणी पाहा. कार्बाइन गॅसमध्ये छिद्र चेंबरपासून साधारण आठ इंचांच्या आत असतं. सोळा इंची नळीत त्याच्यापुढे आठ इंचांहून जास्त नळी उरते, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत गॅसला दाबाखाली वाहायला भरपूर वेळ मिळतो. वीस इंची रायफल गॅसमध्ये छिद्र तेराएक इंचांवर आणि पुढे सातएक इंच. तिथे छिद्रापाशी दाब उतरलेला असतो, म्हणून ती रायफल शांतपणे चालते. सोळा इंची नळीला मिडलेंग्थ गॅस, म्हणजे या दोन्हींच्या मधली लांबी, जास्त मानवते, असं मी ठामपणे म्हणेन. पण आहे ती नळी फेकायची गरज नाही.

पुंगळ्या काय सांगतात

पुढच्या वेळी रेंजवर जाल तेव्हा एकाच जातीच्या पितळी काडतुसांच्या वीस पुंगळ्या वेचून आणा आणि चांगल्या उजेडात भिंगाखाली पाहा. तळाच्या कडेवर, जिथे नख धरतं तिथे, धातू बाहेर ओढला गेलेला किंवा फाटलेला दिसतो का? तळावर, इजेक्टरच्या (पुंगळी बाहेर उडवणाऱ्या पिनेच्या) छिद्राएवढा, चकचकीत घासलेला गोल ठसा आहे का? हा ठसा म्हणजे तळ बोल्टवर दाबलेला असतानाच बोल्ट फिरल्याची खूण. दोन्ही खुणा एकत्र आणि बहुतेक पुंगळ्यांवर असतील, तर गॅस जास्त आहे किंवा काडतुसाचा दाब जास्त आहे.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. नळीची दिशा घड्याळातले बारा धरली, तर साडेतीन ते साडेचारच्या दिशेनं पडणं सर्वसाधारण. एक-दोनच्या दिशेनं, पुढे, जोरात उडत असतील तर कॅरियरचा वेग जास्त. पाचकडे मलूल पडत असतील तर गॅस कमी. हे ढोबळ गमक आहे. इजेक्टरची स्प्रिंग आणि पुंगळी आपटायची पट्टी यांनीही दिशा बदलते, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका.

तिसरी खूण वरच्या रिसीव्हरच्या आत आहे. डाव्या बाजूला कॅम पिनसाठी जी खोलगट जागा असते, तिच्या मागच्या भागात पिनेचं डोकं घासून ॲनोडाइझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवरचा कठीण थर, उडतं. फिकट रेघ असेल तर चालेल. नखाला जाणवणारा खळगा झाला असेल तर बोल्ट फार आवेशानं सुटतो आहे.

एक्स्ट्रॅक्टर

बोल्ट बाहेर काढा. फायरिंग पिनची अडकवण काढली की फायरिंग पिन मागून निघते, मग कॅम पिन पाव वळण फिरवून वर, मग बोल्ट पुढून. एक्स्ट्रॅक्टरची मागची बाजू अंगठ्यानं दाबून स्प्रिंगचा जोर उतरवा आणि त्याची पिन फायरिंग पिनच्या टोकानं ढकलून काढा. हातोडी लागत नाही. लागली तर तिथे काजळी साठली आहे.

एक्स्ट्रॅक्टरच्या पोटाखाली नेमकं काय सापडतं ते बघणं फार उपयोगी. बहुतेक वेळा तिथे पितळेचा बारीक सोनेरी चुरा आणि काजळीचा घट्ट थर असतो. थर जाड असेल तर नख पुरेसं आत मिटत नाही, पुंगळीची कड अर्धीच धरतं. मग सगळा भार नखाच्या टोकावर येतो आणि ते तिथूनच मोडतं. तुटलेला एक्स्ट्रॅक्टर जपून ठेवला असेल तर भिंगाखाली पाहा: टोकाचा एक कोपरा गेला असेल तर अर्धी पकड, आणि नख मुळापासून तुटून आतला धातू राखाडी दाणेदार दिसत असेल तर धातूचा किंवा उष्णतोपचाराचा दोष धरायला जागा आहे.

स्प्रिंगचं टोक निमुळतं असतं. रुंद टोक एक्स्ट्रॅक्टरच्या खळग्यात बसवायचं, म्हणजे ते तिथे धरून राहतं. आत काळा रबरी तुकडा. आजच्या कार्बाइन बोल्टसाठी तांबूस-सोनेरी जादा जोराची स्प्रिंग आणि काळा तुकडा ही जोडी योग्य. त्यावर पुन्हा ओ-रिंग घालायचा मोह आवरा. जोर इतका वाढतो की काडतूस चेंबरमध्ये बसताना नखाला कडेवरून चढणं जड जातं आणि बोल्ट पूर्ण मिटत नाही. जुनी मऊ स्प्रिंग असेल तर मात्र ओ-रिंग हा तात्पुरता, चांगला उपाय आहे. बदलल्यावर अंगठ्यानं एक्स्ट्रॅक्टर दाबून पाहा: तो सहज हलला तर जोर कमीच आहे.

जोडताना कॅम पिन विसरू नका. हे वाक्य दोनदा वाचा. कॅम पिनशिवाय रायफल जुळते, बंद होते आणि बोल्ट न अडकताच गोळी सुटू शकते. त्यात रायफल फुटते आणि माणूस जखमी होतो.

रिंग आणि गॅस की

रिंगची चाचणी सोपी आहे. बोल्ट कॅरियरमध्ये पूर्ण पुढे ओढा आणि ती जोडी बोल्टच्या तोंडावर टेबलावर उभी करा. कॅरियर स्वतःच्या वजनानं खाली घसरला तर तिन्ही रिंग बदला, एकच नको. रिंगमधल्या फटी एका रेषेत येऊ नयेत म्हणून लोक त्या फिरवत बसतात. त्यानं व्यवहारात काही फरक पडत नाही.

रिंग इतक्या लवकर जायचं मुख्य कारण कोरडेपणा. पुष्कळ जण सॉल्व्हंटनं बोल्ट चकचकीत करतात आणि तेल पुसून टाकतात, कारण ओलसर बोल्टवर काजळी दिसते. दिसू द्या. ही यंत्रणा ओली आणि काळी चालेल, कोरडी आणि स्वच्छ चालणार नाही. रिंगवर दोन थेंब, कॅम पिनवर एक, लगवर बोटाचा पुसट हात आणि कॅरियरच्या ज्या चार पट्ट्या रिसीव्हरला घासतात त्यांवर पातळ थर. फायरिंग पिन आणि तिचं भोक मात्र जवळपास कोरडं ठेवा.

गॅस कीचे दोन स्क्रू ५० ते ५८ इंच-पाउंड, म्हणजे ५.६ ते ६.६ न्यूटन-मीटर पिळाचे, आणि बाजूचा धातू ठोकून पक्के केलेले हवेत. कीच्या तळाशी काजळीचे फराटे दिसले तर गॅस गळतो. गळतीनं गॅस कमी पडतो, म्हणजे तुमच्या तक्रारीच्या उलट लक्षणं. पण गळकी की आणि मोठं छिद्र एकत्र असलं की रायफल "बरी चालते", आणि की घट्ट केल्यावर अचानक भाग तुटायला लागतात. म्हणून की आधी तपासा, बाकीचं नंतर.

वेग आवरायचा कसा

पहिलं काम, बफरची स्प्रिंग मोजा. कार्बाइनची स्प्रिंग मोकळी असताना १० १/१६ ते ११ १/४ इंच, साधारण २५६ ते २८६ मिलिमीटर हवी, आणि वेटोळी ३७ ते ३९. रायफलची ११ ३/४ ते १३ १/२ इंच, वेटोळी ४१ ते ४३. लांबी खालच्या मर्यादेखाली असेल तर स्प्रिंग थकून आखूड झाली आहे. तिच्यावर कुठलीही पुढची चाचणी करण्यात अर्थ नाही. आधी नवी घाला.

दुसरं, बफर. साधा कार्बाइन बफर सुमारे ३ औंस, म्हणजे ८५ ग्रॅम. एच सुमारे ३.८ औंस, एच२ सुमारे ४.७ औंस, एच३ साडेपाचच्या आसपास. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. आतल्या तीन ठोकळ्यांपैकी किती पोलादाचे आणि किती टंगस्टनचे, एवढाच फरक. तोंडावर खूण असते, तरी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून घ्या.

सोळा इंची कार्बाइन गॅसला मी थेट एच२ पासून सुरुवात करायला सांगेन. चाचणी अशी: रेंजवर मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरायचं, तुमच्याकडचं सगळ्यात कमजोर. गोळी झाडल्यावर बोल्ट मागे अडकला पाहिजे. असं दहा वेळा करा. दहाच्या दहा वेळा अडकला तर तो बफर ठेवा. नऊ वेळा अडकला तर एक पायरी हलका घ्या, कारण रायफल तापून काजळल्यावर तो दहावा प्रसंग वारंवार येईल.

जड बफर बोल्ट सुटायला लागणारा वेळ थोडा वाढवतो, पण जास्तीचा गॅस तसाच येत राहतो. एच२ घालूनही पुंगळ्यांवर त्याच खुणा असतील तर छिद्र मोजा. गॅस ब्लॉक काढून ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा हलकेच घालून पाहायचा. कापणारं टोक कधीही नाही. १/१६ इंची, म्हणजे १.५९ मिलिमीटरचा दांडा बसणं ठीक. ५/६४ इंची, म्हणजे १.९८ मिलिमीटरचा दांडा सहज आत गेला तर सोळा इंची कार्बाइन गॅससाठी छिद्र उघडउघड मोठं आहे. स्वस्त, कमजोर काडतुसंही अडखळू नयेत म्हणून छिद्र सैल हातानं पाडलेलं पुष्कळदा आढळतं. शिवाय हजारो गोळ्यांच्या ज्वाळेनं छिद्राची कड झिजते आणि ते हळूहळू मोठं होत जातं.

छिद्र लहान करता येत नाही. त्यावर कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक लावायचा. तो बंदच्या बाजूनं उघडत न्या, एका काडतुसाची वरचीच चाचणी लावा, बोल्ट खात्रीनं अडकायला लागला की आणखी एक-दोन खटके उघडा आणि थांबा. ब्लॉक बसवताना छिद्रावर छिद्र नीट यायला हवं. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी गॅस अर्ध्यावर येतो. सप्रेसर लावत असाल तर दाब मागे रेटला जातो, त्यामुळे सप्रेसर लावून वेगळी जुळणी करावी लागते.

काडतूस आणि चेंबर

नळीवर काय कोरलंय ते वाचा. नळी .२२३ रेमिंग्टन असेल आणि त्यात ५.५६ नाटो वापरत असाल, तर ते आजच थांबवा. .२२३ च्या चेंबरमध्ये नळीतले पेच (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) सुरू होण्याआधीची मोकळी जागा कमी असते, त्यामुळे ५.५६ चा दाब वाढतो. कडा फाटतात आणि प्रायमर (काडतुसाच्या तळातली ठिणगी देणारी टोपी) निखळतात. निखळलेला प्रायमर घरंगळून चापाच्या खाली गेला तर चाप अडकतो, आणि फायरिंग पिनच्या टोकावर गॅसनं बारीक खड्डे पडतात. ते टोक भिंगाखाली पाहा. खड्डे असतील तर पिन बदला, कारण खरबरीत टोक प्रायमर भोसकतं.

पोलादी पुंगळीची स्वस्त काडतुसं वापरत असाल तर एक्स्ट्रॅक्टरचं आयुष्य कमी धरूनच चाला. पोलाद पितळेइतकं आखडत नाही आणि कठीणही असतं. त्यातून चेंबर क्रोमविना असेल, तर प्रत्येक सत्रानंतर चेंबरचा खास ब्रश फिरवलाच पाहिजे. पुंगळीच्या अंगावर लांबीच्या दिशेनं ओरखडे दिसत असतील तर चेंबर खरबरीत आहे. ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. घरी पॉलिश पेपर घालू नका.

बोल्ट कॅच आणि घोड्याची पिन

बोल्ट कॅचची कड तुटायची दोन कारणं असतात. पहिलं वर आलं: कॅरियरचा वेग. दुसरं तुमच्या पिनेशीही जोडलेलं असू शकतं. वरचा रिसीव्हर काढलेला असताना चाप ओढून घोडा सोडून पाहता का? बोल्ट नसताना घोडा पुढे मोकळा आपटतो, थेट बोल्ट कॅचवर आणि ॲल्युमिनियमच्या भिंतीवर. त्यानं कॅच, घोडा आणि पिनेची भोकं, तिन्ही मार खातात. चाप तपासायचाच असेल तर घोड्यापुढे अंगठा ठेवून त्याला हळू उतरवा.

दोन्ही पिना ०.१५४ इंच, म्हणजे ३.९ मिलिमीटर जाडीच्या आणि एकसारख्या असतात. प्रत्येकीला दोन खाचा, एक मध्यावर आणि एक टोकाजवळ. घोड्याच्या पोटात इंग्रजी जे अक्षरासारखी बारीक स्प्रिंग असते, ती घोड्याच्या पिनेची मधली खाच धरते. चापाच्या पिनेची टोकाची खाच घोड्याच्या स्प्रिंगचा एक पाय धरतो. त्या स्प्रिंगचे दोन्ही पाय चापाच्या पिनेवरून, वरच्या बाजूनं गेले पाहिजेत. ते खाली गेलेले असतील किंवा स्प्रिंग उलटी असेल, तर घोड्याचा ठोका कमजोर पडतो आणि चापाची पिन सरकते. घोड्याचीच पिन सरकत असेल तर जेची स्प्रिंग तुटली किंवा निसटली समजा आणि घोडा पूर्ण बदला. पिना दोन्ही बाजूंनी स्क्रूनं बांधणारे संच मिळतात, पण त्यानं तुटलेली स्प्रिंग झाकली जाते, म्हणून आधी कारण शोधा.

नवी पिन घातल्यावर ती भोकात हलवून पाहा. भोक लांबट झालं असेल तर घोडा आणि चाप एकमेकांना धरतात ती जागाच सरकते. तिथे घरची दुरुस्ती नको. आणि घोडा किंवा चाप कधीही कानसू नका. त्यांचा कठीण थर फक्त पृष्ठभागावर असतो. तो गेला की आतलं मऊ पोलाद काही शे गोळ्यांत झिजतं.

जोडणी झाल्यावर रिकाम्या रायफलीवर ही तपासणी करा. सेफ्टी लावून चाप ओढा, घोडा पडता कामा नये. सेफ्टी काढून ओढा, पडला पाहिजे. चाप दाबूनच ठेवा, चार्जिंग हँडल ओढून सोडा, मग चाप सावकाश सैल करा: स्पष्ट खट् आवाज येईल आणि घोडा मागेच राहील. पुन्हा ओढला की पडेल. चाप सोडताना घोडा पडला किंवा बोल्टबरोबर पुढे गेला, तर ती रायफल काडतुसांजवळ नेऊ नका, दुरुस्तीला द्या.

शेवटी बोल्ट. दोन एक्स्ट्रॅक्टर ज्या बोल्टनं गमावले, त्यानं स्वतःही तोच मार खाल्लेला आहे. तो सॉल्व्हंटनं धुवा, कोरडा करा, तिरका उजेड टाकून दोन ठिकाणं पाहा: कॅम पिनेच्या भोकाच्या दोन्ही बाजू, जिथे धातू सगळ्यात पातळ आहे, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या शेजारचे दोन लग, त्यांच्या मुळाशी. तडा केसासारखा असतो. पुसल्यावरही त्यातून तेल पुन्हा पाझरून बारीक रेघ उमटते, हीच त्याची ओळख. तशी रेघ दिसली तर बोल्ट टाकून द्या, आणि नव्या बोल्टबरोबर हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टच्या तोंडापासून चेंबरमध्ये काडतूस टेकतं तिथपर्यंतचं अंतर, गेजनं मोजून घ्या. रेघ नसेल, तर नवी एक्स्ट्रॅक्टर स्प्रिंग, तीन रिंग आणि एच२ बफर घालून ३०० गोळ्या झाडा आणि पुन्हा वीस पुंगळ्या भिंगाखाली घ्या.